पोथीचा चष्मा

माझ्या कामात दिवसभर एकच प्रश्न विचारावा लागतो. आधीचं चांगलं, की हे? समोर बसलेल्या माणसाच्या नाकावर एक जड, गोल चौकट असते. तिच्यात मी एक काच घालते, मग ती काढून दुसरी घालते आणि विचारते. तो सांगतो, मी पुढची काच उचलते. असं करत करत जिथे अक्षर सगळ्यात स्वच्छ दिसतं तिथे आम्ही दोघं थांबतो. याला नंबर काढणं म्हणतात. पदवीवर माझ्या धंद्याचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण आमच्या दुकानात मी नंबर काढणारी ताई.

हे काम मी का निवडलं याचं खरं उत्तर मी घरी कधी दिलं नाही. खोलीत अंधार असतो, समोरच्याचं लक्ष माझ्याकडे नसतं आणि काय बोलायचं ते ठरलेलं असतं. ज्याला अनोळखी माणसाशी बोलायला नको वाटतं त्याच्यासाठी यापेक्षा बरी नोकरी नाही. त्यात एक उजेडाची कांडी असते. तिचा प्रकाश बुबुळावर हलवला की आतून परत येणाऱ्या सावलीवरून अर्धा नंबर कळतो, माणसानं तोंडही न उघडता. शिकत असताना ती कांडी हातात आली तेव्हा मला वाटलं होतं, झालं, आता आयुष्यभर कोणाशी बोलायला नको.

दुकान नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीच्या मागच्या बाजूला आहे. मी गंगापूर रोडवर राहते. तिथून अंबड गाडीनं अर्ध्या तासावर, पण आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी ते कधी पाहिलेलं नाही. "तिकडे सगळे बाहेरचेच ना गं?" असं माझ्या मावशीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी हो म्हटलं. मी बहुतेक गोष्टींना हो म्हणते, त्यानं संभाषण लवकर संपतं.

दुकानाचे मालक सटाण्याच्या बाजूचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तीसेक वर्षांपूर्वी ते एका कारखान्यात लागले, तो बंद पडला, मग काचा घासायला शिकले आणि दुकान टाकलं. मावशीचा प्रश्न मी त्यांना सांगितला तेव्हा ते घासायच्या यंत्रावर वाकलेले होते. मान वर न करता म्हणाले, "मी बी बाहेरनाच शे." अण्णा गिऱ्हाइकाशी मराठी बोलतात, पण मनातलं बोलायचं असलं की अहिराणीवर येतात.

आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला, पहिल्या पाळीची माणसं निघतात तेव्हा, उभं राहिलं तर देशाचा नकाशा चालत जाताना दिसतो. वेल्डिंगवाले बिहारचे, रंगकाम करणारे आझमगढकडचे, ओतकामाच्या भट्टीवरचे ओडिशाचे, लेथवर जळगाव-धुळ्याचे. इडलीची गाडी लावणारे तमिळ काका, गवंडीकामाला आलेली बीडची कुटुंबं. त्यांच्या खोल्या ज्यांच्या जमिनीवर उभ्या आहेत ती अंबड गावची मूळची शेतकरी घरं. शेतं कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी दहा-दहा खोल्यांच्या चाळी बांधल्या.

अशा गल्लीतल्या दुकानाच्या भिंतीवर तीन तक्ते होते. एक इंग्रजी अक्षरांचा, एक देवनागरीचा आणि तिसरा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. त्या तिसऱ्यावर एकच आकृती असते, तीन दातांची, कधी उजवीकडे वळलेली, कधी खाली. दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. त्याला आमच्याकडे फणीचा तक्ता म्हणतात. माझी पद्धत ठरलेली होती. आधी देवनागरी, ते जमलं नाही तर इंग्रजी, तेही नाही तर फणी. फणीवर आलं की कार्डावर लिहायचं, "वाचता येत नाही." पाच वर्षं मी असंच लिहिलं.

माझं काम मला येतं, या समजाला पहिला तडा तपनदांनी दिला. ते बंगालचे, सोन्याचे कारागीर. सराफ बाजारात एका माडीवर बसून ते मंगळसूत्राच्या वाट्या घडवतात आणि राहायला आमच्या मागच्या गल्लीत असतात. त्यांना मी जवळचा चष्मा करून दिला. आठवड्यानं ते परत आले, चष्मा काउंटरवर ठेवला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मैडम, ये अखबार का चश्मा है. हम अखबार नहीं बनाता."

मी त्यांना पुन्हा तपासलं. नंबर बरोबर होता. मी तसं सांगितलं. तपनदांनी उजवा हात उचलला, चिमटीत काहीतरी धरल्यासारखा, आणि नाकासमोर आणला, जेमतेम एका वितीवर. "सोना इधर रहता है," ते म्हणाले.

जवळच्या चष्म्याचं एक ठरलेलं अंतर असतं. माणूस वर्तमानपत्र किंवा पुस्तक हातात धरतो ते, दीड फुटाच्या जरासं आत. पुस्तकात तेच शिकवतात, यंत्राला टांगलेल्या दोरीवर त्याचीच खूण असते. त्या अंतरावर नंबर काढला की चष्मा त्या अंतरावर चालतो. त्याच्या खूप अलीकडे किंवा पलीकडे तो धूसर. हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं. विचारायचं मात्र सुचलं नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे ठरलेल्या वाक्यांच्या बाहेर जायचं. तपनदांचा चष्मा बदलून दिला आणि मी कार्डावर एक ओळ वाढवली. कामाचं अंतर. पण ती ओळ मी फक्त कारागिरांना विचारायचे. बायकांना विचारत नव्हते. बायकांचं जवळचं काम म्हणजे तांदूळ निवडणं आणि सुई ओवणं, असं मी कोणालाही न विचारता ठरवलं होतं.

ओडिशाच्या सुभद्रा माउसी, म्हणजे मावशी, आल्या त्या गणपतीच्या दिवसांत. साठी ओलांडलेल्या, लहान चणीच्या, डोक्यावरून पदर. मुलगा त्यांना घेऊन आला होता. तो भट्टीवर कामाला, दुपारची पाळी गाठायची घाई. "माँ को हिंदी नहीं आता," तो म्हणाला. मी देवनागरी तक्ता दाखवला, माउसी बघत राहिल्या. इंग्रजी दाखवला, तसंच. मग फणी. तिचे दात त्यांनी हातानं बरोबर दाखवले. नंतर जवळच्या काचा लावल्या आणि खालच्या कागदावरच्या फण्या दाखवून माझा प्रश्न विचारला, मुलानं तो ओडियात सांगितला. "भल," माउसी म्हणाल्या. म्हणजे चांगलं. दुसरी काच लावली. "भल." तिसरीही भल. शेवटी कांडीनं काढलेल्या नंबरावर भरवसा ठेवून मी चष्मा लिहून दिला. कार्डावर लिहिलं, वाचता येत नाही. काम, घरगुती.

चार दिवसांनी चष्मा घालून बघायला त्या आल्या, तेव्हाही भलच म्हणाल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची सून आली. मिनती तिचं नाव. ती पॅकिंगच्या लाइनवर काम करते आणि तिची मराठी त्या लाइनवरच्या बायकांकडून उचललेली आहे, म्हणून ती कोणालाही अगं-तुगंच करते, मलाही. अण्णांनी यंत्राला घातलेला झेंडूचा हार अजून तसाच होता. मिनतीनं पिशवीतून चष्म्याची डबी काढली.

"सासू बोलते चांगला आहे," ती म्हणाली. "पण घालत नाही. मग मी बोलले, चांगला आहे तर घाल ना. तर रडली."

मी विचारलं, तांदूळ निवडताना दिसत नाही का. मिनतीनं डबी काउंटरवर ठेवली.

"तांदूळ मी निवडते. ती पोथी वाचते."

मी खालमानेनं कार्ड शोधायला लागले. त्याच्यावर माझ्याच अक्षरात काय लिहिलेलं आहे ते मला माहीत होतं.

मिनतीनं मग सगळं सांगितलं, काउंटरला टेकून, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. त्यांच्याकडे कार्तिक महिना फार मोठा. म्हाताऱ्या बायका महिनाभर एकवेळ जेवतात, तुळशीपुढे पांढरी रांगोळी घालतात आणि रोज पोथी ऐकतात. गावाकडे वाचणारी दुसरी असायची. इथे आल्यावर चाळीतल्या आठ ओडिया घरांत माउसीच तेवढ्या सलग वाचणाऱ्या निघाल्या, म्हणून सहा वर्षं त्याच वाचत होत्या. मागच्या वर्षी अडखळायला लागल्या. डोळे ओढून, पाठ वाकवून कसाबसा महिना काढला. या वर्षी मुलगा म्हणाला, मोबाइलवर सगळं वाचलेलं मिळतं, तो लावून ठेव आणि सगळ्या मिळून ऐका.

"तर सासू बोलली, लावा. मी येणार नाही." मिनतीनं डबी उघडली, बंद केली. "ताई, तिला हिंदी नाही, मराठी नाही. अकरा महिने ती घरात गप बसते. दुकानात पण मी बोलते, दवाखान्यात पण मी बोलते. कार्तिकात ती बोलते. बायका मध्येच विचारतात, हे असं का, ते तसं का, ती सांगते. मोबाइलला कोण विचारणार?"

मी म्हटलं, पोथी जरा डोळ्यांजवळ धरून वाचल्या तर या चष्म्यानं दिसेल. मिनतीला ते पटकन कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हसली.

"पोथी हातात धरत नाय गं."

ती लाकडी पाटावर असते. मांडी घालून बसायचं, पुढ्यात पाट, पाटावर पोथी. हात फक्त पान उलटायला. तो पाट माउसींच्या सासऱ्यांनी केलेला, गावाहून रेल्वेत मांडीवर ठेवून आणलेला. उंच व्हावा म्हणून एकदा खाली बिस्किटांचा डबा लावून पाहिला. तो हलायचा, आणि माउसींना देव बिस्किटावर बसवलेला आवडला नाही.

माझ्या डोळ्यांसमोर तपनदांचा हात आला, नाकासमोर उचललेला. मी त्यांना अखबाराचा चष्मा दिला होता, यांनाही तोच दिला. त्यांचं सोनं अलीकडे होतं, यांची पोथी पलीकडे. तपनदा पुरुष होते आणि त्यांना हिंदी येत होतं, म्हणून ते परत येऊन सांगू शकले.

मी मिनतीला सांगितलं की चूक माझी आहे, चष्मा बदलून देऊ. घाई नाही, कार्तिक दिवाळीनंतर, वीस दिवस आहेत हातात. तिनं मान डोलावली आणि ती निघाली. दारातून अण्णांनी तिला परत बोलावलं.

"तुमचा कार्तिक कधी लागतो?"

"कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी," मिनती म्हणाली, जसं काही ते सगळ्या जगाला माहीत असतं.

अण्णा माझ्याकडे वळले. त्र्यंबकला श्रावणात कधी गेलीस का, असं त्यांनी मला विचारलं. उत्तरेकडची माणसं पंधरा दिवस आधीच गर्दी करतात, ते कशामुळे? आपला महिना अवसेला संपतो, त्यांचा पुनवेला. नाव तेच, पण त्यांचा पंधरा दिवस आधी सुरू होतो. ओडिशाचंही तसंच. जन्मभर नाशकात राहून मला हे माहीत नव्हतं. आमच्या इंग्रजी शाळेत महिने जानेवारीपासून सुरू व्हायचे.

म्हणजे वीस दिवस नव्हते. चार दिवस होते. आणि माउसींच्या नंबरात जो तिरका भाग होता त्याची काच आमच्याकडे तयार नसते, मुंबईहून मागवावी लागते. तिला तीन दिवस लागतात.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा काचांची पेटी दुकानाबाहेर नेली. ती पेटी जड असते, दोनशेच्या वर काचा, प्रत्येक आपल्या खाचेत. अण्णा म्हणाले रिक्षा कर, पण चाळ पाच मिनिटांवर होती. मला भीती काचांची नव्हती. दुसऱ्यांच्या घरी जाऊन बसायचं, चहाला नको म्हणायचं की हो, चपला कुठे काढायच्या, याची होती. गंगापूर रोडवर मी शेजाऱ्यांकडेही जात नाही.

खोली एकच होती, स्वच्छ. दारात रंगाच्या डब्यात तुळस. मिनतीनं पाट मांडला, त्यावर लाल कपडा घातला, कपड्यावर पोथी ठेवली. माउसी अंघोळ करून आल्या होत्या आणि मला पाहून शरमल्या होत्या, जणू चूक त्यांची होती. त्या मांडी घालून बसल्या. मी मिनतीच्या शिवणाच्या टेपनं डोळ्यापासून पानापर्यंतचं अंतर मोजलं. सव्वादोन फूट. मी दिलेल्या चष्म्यानं तिथे धुकंच दिसणार होतं.

चौकट त्यांच्या नाकावर ठेवली, काच घातली, प्रश्न विचारला.

"भल," माउसी म्हणाल्या.

दुसरी काच. "भल."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचे डोळे पानावर नव्हतेच. माझ्या चेहऱ्यावर होते. मला काय हवं आहे ते त्या वाचत होत्या.

हे मला ओळखीचं होतं. आजोळी मोठी माणसं बोलत बसली की त्यांच्या मराठीतले कितीतरी शब्द माझ्या डोक्यावरून जातात. एकोणसाठ म्हणजे किती ते मला अजून मनात मोजावं लागतं. मी हसते, मान डोलावते, हो म्हणते. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, आणि आपलं अज्ञान उघडं पडू नये म्हणून. तिथे जमिनीवर बसलेली ती बाई म्हणजे आजोळच्या ओसरीवरची मी होते.

मी पेटीतून एक काच काढली, मुद्दाम, लहान मुलालाही नकोशी वाटेल अशी. ती चौकटीत बसवली आणि मिनतीला म्हटलं, "त्यांना सांग, ही काच चुकीची आहे हे मला माहीत आहे. मी मुद्दाम लावली आहे. याला त्या चांगलं म्हणाल्या तर मी रडेन."

मी असं काही बोलणाऱ्यांतली नाही. मिनतीनंही दोनदा विचारून खात्री केली आणि मग सांगितलं. माउसींनी पानाकडे पाहिलं. पहिल्यांदाच. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तोंडावर पदर धरून त्या हसल्या, आणि म्हणाल्या, "ना."

मी काच बदलली. "ना." पुन्हा बदलली. त्यांनी मान तिरकी केली, एक ओळ बोटानं धरली. "ना. दिशुनि."

तो शब्द मला कोणी सांगावा लागला नाही. दिसत नाही.

त्यानंतर त्यांनी मला अर्धा तास सोडलं नाही. ही ना, ती ना, ही थोडी बरी, पण ओळीच्या टोकाला ना. इतकं चोखंदळ गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. सातवी की आठवी काच लावली तेव्हा त्यांनी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. मी वाट पाहिली. त्यांचे ओठ हलत होते. मग आवाज आला, बारीक, एका चालीवर, आणि पान संपेपर्यंत थांबला नाही. मिनती दाराशी जाऊन तुळशीकडे बघत उभी राहिली.

चहाला मी हो म्हटलं.

काच कोजागिरीच्या दुपारी आली. त्या दिवसांत मुंबईला किती फोन केले ते मी सांगणार नाही. फोनवर बोलायला मला सगळ्यात जास्त भीती वाटते, त्यामुळे प्रत्येक फोनआधी मी वाक्य कागदावर लिहून घेत होते. अण्णांनी जेवण बाजूला ठेवून काच घासली, फ्रेममध्ये बसवली, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली. "तूच नेई दे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, पहिली पाळी सुटल्यावर, वाचन सुरू झालं. मी चष्मा द्यायला म्हणून गेले आणि राहिले. ओडिया बायका होत्याच. त्यांच्याबरोबर पलीकडच्या खोलीतली, बिहारमधल्या छपऱ्याची एक बाई, बीडच्या दोघी, आणि घरमालकाची आई, अंबड गावची, नऊवारीतली आजी. ती भिंतीला टेकून हात जोडून बसली होती. मला शेजारी बसवून घेत म्हणाली, दरवर्षी येते. मी हळूच विचारलं, तुम्हाला कळतं का.

"समदं कळायलाच पायजे असं कुठं हाय?" आजी म्हणाली. "आमच्या हितं गव्हाचं वावर होतं. तव्हा कुणी एवढं गोड वाचाया येत नव्हतं."

माउसींनी चष्मा लावला. पाठ ताठ होती. त्यांनी पहिली ओळ धरली आणि वाचायला लागल्या. थोड्या वेळानं एका बाईनं मध्येच काहीतरी विचारलं. माउसी थांबल्या, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि सांगायला लागल्या. हातवारे करून, आवाज चढवून, कोणाची तरी नक्कल करून. सगळ्या हसल्या, छपऱ्याची बाईसुद्धा. दुकानात प्रत्येक काचेला भल म्हणणारी ती बाई ही नव्हतीच, किंवा हीच होती आणि आम्हीच ती कधी पाहिली नव्हती. सव्वा महिन्यात आणि तीन भेटींत मी त्यांची जेवढी वाक्यं ऐकली होती तेवढी त्यांनी त्या पाच मिनिटांत उच्चारली. मला एकही कळलं नाही आणि उठावंसंही वाटलं नाही.

वाचन संपल्यावर त्यांनी पोथी लाल कपड्यात बांधली. चष्मा घडी घालून त्याच कपड्यात ठेवला. मिनतीनं नंतर सांगितलं की तो त्या दुसऱ्या कशालाही वापरत नाहीत, पोथीचा आहे म्हणून. आधीचा चुकलेला चष्मा मिनतीच्या आईला गावी पाठवला. ती विड्या वळते आणि तेवढ्या अंतरावर तिला तो चालतो. हे ऐकून मला जितका आनंद झाला तितका पदवी मिळाली तेव्हाही झाला नसेल.

कार्तिक संपल्यावर मी जुनी कार्डं काढून बसले. "वाचता येत नाही" असं माझ्या हातचं किती कार्डांवर होतं ते सांगत नाही. त्यांत तमिळ नावं होती, बंगाली होती, उर्दू वाचणारी असणार अशी होती. ज्यांचे फोन लागले त्यांना बोलावलं. बरेच लागले नाहीत. कारखाना बदलला की इथली माणसं गल्ली बदलतात, कधी शहरही. ती कुठेतरी माझा अखबाराचा चष्मा घालून दुसरंच काहीतरी वाचायचा प्रयत्न करत असतील. ते आता माझ्या हातात नाही.

तक्ते मात्र माझ्या हातात होते. ओडिया अक्षरं मिनतीनं लिहून दिली, मोठ्यापासून बारीकपर्यंत, आणि माउसींनी त्यांतली दोन पुन्हा काढायला लावली, वळण चुकलं म्हणून. बांगला तपनदांनी केलं. नक्षी काढावी तसं, आठ दिवस घेऊन. तमिळ इडलीवाल्या काकांनी, उर्दू एका टेलरमास्तरांनी. फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतलं. अण्णा आधी म्हणाले, भिंतीले जागा कोठे शे? मग त्यांनीच स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून आत नेला. आता माणूस आत आला की मी विचारत नाही. तो भिंतीकडे बघतो आणि नजर कुठल्या तक्त्यावर थांबते ते मी बघते. ती आपोआप थांबते. काही जण तर नंबर काढायचा विसरून नुसतेच वाचत उभे राहतात, मोठ्यानं. फणी अजून आहे, शेवटच्या कोपऱ्यात. ती लागतेच. पण आता शेवटी लागते.

मावशीनं परवा पुन्हा विचारलं, अजून तिकडेच का गं, सगळ्या बाहेरच्या लोकांत. मी नाही म्हटलं. बाहेरचं कोणी नाही तिथे, असं म्हटलं. माझ्या मानानं ते भाषणच होतं.

मागच्या महिन्यात माउसी दुकानात आल्या, या वेळी मुलगा नव्हता, सून नव्हती. बरोबर चाळीत नवीन आलेली एक बाई होती. आंध्रच्या सीमेवरच्या गावची, घरात तेलुगू, कामापुरती ओडिया. भेदरलेली, पदराचं टोक मुठीत. माउसींनी तिला खुर्चीवर बसवलं, ओडियात काहीतरी बजावलं. मग मला कळावं म्हणून तेच, सुनेकडून उचललेल्या चार शब्दांच्या मराठीत सांगितलं.

"दिसला नाय, तर नाय बोल. ही पोरगी रागवत नाय."

मी दिवा मालवला. चौकट बसवली, काच घातली आणि माझा प्रश्न विचारला. बाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माउसींकडे, मग समोर.

"लेदु," ती म्हणाली.

तेलुगूतलं 'नाही' मी त्या दिवशी शिकले.